फोनला इयरबड्स दिसतात, पण जोडले जात नाहीत. मदत हवी!

अर्धविराम
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. माझे इयरबड्स दीड वर्ष जुने आहेत. परवा रात्रीपर्यंत उत्तम चालत होते. काल सकाळी डबी उघडली तर त्यातली बाई 'कनेक्टेड' म्हणालीच नाही. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत नाव दिसतं. त्यावर बोट ठेवलं की दहा सेकंद काहीतरी फिरतं आणि मग जैसे थे.

आतापर्यंत केलेले उपाय: ब्लूटूथ बंद-चालू केलं. मग वैतागून फोनमधून इयरबड्सचं नाव 'फर्गेट' करून नव्याने पेअर करायला गेले, तर आता 'पिन किंवा पासकी चुकीची असल्याने पेअर करता आले नाही' असा निरोप येतो. कसली पिन? आयुष्यात कधी टाकली नाही! मग डबी रात्रभर चार्जिंगला लावली, तरी तेच. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे झाकण उघडं ठेवून डबीचं बटण दहा सेकंद दाबलं. पांढरा दिवा तीनदा लुकलुकायला हवा, माझा एकदा लाल होऊन गप्प बसतो.

फोन अँड्रॉइड, गेल्याच आठवड्यात अपडेट झालाय. माझा संशय त्या अपडेटवरच आहे. कुणाला असा अनुभव?

आगाऊ कार्टं
फोन रीस्टार्ट केला का?

उंटावरचा शहाणा
वरच्या प्रश्नाला हसू नका. घोडा का अडला, पान का सडलं, ब्लूटूथ का बिघडलं? तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्याने. इथे फक्त 'बंद करून चालू न केल्याने' असं वाचा.

अर्धविराम
केला हो, चार वेळा. ते लिहायचं राहिलं.

रात्रपाळी
ती पासकी तुम्हाला टाकायची नसते, म्हणून तिचा ताण घेऊ नका. पहिल्यांदा पेअर करताना फोन आणि इयरबड्स आपापसात एक किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पुढे रोज जे होतं ते पेअरिंग नव्हे, नुसतं कनेक्शन. जुनी किल्ली दाखवायची आणि आत यायचं. तुम्ही फोनमधून नाव काढलंत म्हणजे फोनने आपली किल्ली फेकून दिली. इयरबड्सकडे मात्र जुनी तशीच आहे. बरीच मॉडेल्स अशा वेळी पेअरिंग मोडमध्ये टाकल्याशिवाय नवी किल्ली करायला तयारच होत नाहीत. फोन मग सरसकट तोच 'पिन चुकीची' वाला निरोप देतो.

म्हणजे तुमचं खरं दुखणं रीसेट न होणं हे आहे. फर्गेट करणं चुकलं नाही, पण ते अर्धंच काम झालं.

टोचणी
त्याही आधी एक गोष्ट. दुसऱ्या कुणाचा फोन घ्या आणि त्याच्याशी पेअर करून बघा. जोडले गेले तर गडबड तुमच्या फोनमध्ये, नाहीतर इयरबड्समध्ये. दोन मिनिटांचं काम आहे. ते सोडून लोक आधी फोन फॉरमॅट करतात आणि मग इथे येऊन रडतात. (मी केलाय. आणि रडलेय.)

बिनतारी
घरात दुसरं काही उपकरण आहे का ज्याला हे कधी जोडले होते? लॅपटॉप, टॅबलेट, टीव्ही? इयरबड्स डबीतून बाहेर आले की शेवटच्या ओळखीच्याला शोधतात. आमच्याकडे कपाटात पडलेला जुना टॅबलेट चार महिने माझे इयरबड्स पळवत होता. मी सोफ्यावर बसून फोनला शिव्या देत होतो आणि गाणं कपाटातल्या टॅबलेटच्या ताब्यात. काखेत कळसा म्हणतात तो हा.

अर्धविराम
@बिनतारी, लॅपटॉपला जोडले होते. आत्ता त्याचं ब्लूटूथ बंद करून पाहिलं, फरक नाही.
@टोचणी, भावाच्या फोनवरून करून सांगते. तो आत्ता फोन हातातून सोडायला तयार नाही.

वायरवाला
माझ्या कानात वायर आहे. ती खोचली की वाजते, काढली की थांबते. कुणाची किल्ली नको, पासकी नको, रात्रभर चार्जिंग नको. चालू द्या.

कानसेन
आले का! ब्लूटूथचा धागा निघाला आणि वायरवाला आले नाहीत असं आजवर झालेलं नाही.

पण वायरवाले, तुमचा साडेतीन मिलिमीटरचा जॅक मोठ्या जॅकचं धाकटं भावंड आहे, आणि तो मोठा जॅक १९व्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका तारा जोडायला वापरत. इतकी जुनी वस्तू टिकली याचं मलाही कौतुक आहे. २०१६ साली आयफोन ७ मधून तो काढला तेव्हा मीही तुमच्याइतकाच चिडलो होतो. आता मात्र पळताना वायर दाराच्या कडीत अडकून फोन जमिनीवर आपटत नाही, याचंच सुख जास्त वाटतं.

वायरवाला
पळता कशाला?

भुंगा
मुद्द्यावर या रे. ताई, सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क रीसेट करा. 'रीसेट वायफाय अँड ब्लूटूथ' किंवा तत्सम नाव असेल, फोनगणिक बदलतं. अपडेटनंतर जुना डेटा नव्याशी भांडतो. माझं असंच सुटलं होतं.

टोचणी
असहमत. ते ब्रह्मास्त्र आहे. साठवलेले वायफायचे पासवर्ड, गाडीचं ब्लूटूथ, घड्याळ, सगळं जातं. आयफोनमध्ये तर 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' केलं की व्हीपीएनसुद्धा जातं. दोष फोनमध्ये आहे हे ठरायच्या आधी कशाला?

अँड्रॉइडवर त्याआधीची पायरी आहे. ॲप्सच्या यादीत 'सिस्टिम ॲप्स दाखवा' निवडा, त्यात ब्लूटूथ नावाचं ॲप सापडेल, त्याच्या स्टोरेजमध्ये जाऊन फक्त कॅशे साफ करा आणि फोन रीस्टार्ट करा. यात काहीच गमवायचं नाही.

भुंगा
माझं सुटलं होतं एवढंच म्हणालो. कुणाच्या डोक्यावर बंदूक ठेवलेली नाही.

टोचणी
ठेवली असती तरी चाललं असतं, ब्लूटूथने जोडलेली असती तर सुटलीच नसती.

भुंगा
:)) दंडवत.

खिडकीपाशी
याच धाग्यात माझाही प्रश्न घुसवते, माफ करा. माझे जोडले जातात, 'कनेक्टेड' दिसतं, पण आवाज फोनच्या स्पीकरमधूनच. फोन आला की मात्र कानात ऐकू येतं!

रात्रपाळी
@खिडकीपाशी, इयरबड्सच्या नावाशेजारच्या चाकावर टॅप करा. तिथे 'कॉल्स' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन वेगळी बटणं असतात. तुमचं मीडियाचं बंद झालं असणार. गाण्यासाठी एक प्रोफाइल असते आणि बोलण्यासाठी वेगळी. एक चालू, दुसरी बंद, असं होऊ शकतं.

यामुळेच अनेकांना पडणारा आणखी एक प्रश्न: लॅपटॉपवर गाणं सुंदर वाजत असतं आणि मीटिंग सुरू झाली की सगळ्यांचे आवाज माठातून आल्यासारखे का होतात? गाण्याची प्रोफाइल एकाच दिशेने चालते. माइक लागला की दोघं मिळून बोलण्याच्या प्रोफाइलवर उतरतात आणि तिथे आवाज एकपदरी, कमी दर्जाचा. इयरबड्स खराब नसतात. मीटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, कानातला आवाज पूर्ववत होतो.

खिडकीपाशी
झालं!!! मीडियाचं बटण बंद होतं. मी ते कधी बंद केलं देव जाणे. आणि मीटिंगचं वाचून तर दोन वर्षांचा राग निवला.

आगाऊ कार्टं
ज्याने धागा काढला तो उपाशी आणि पाहुणा जेवून गेला.

अर्धविराम
हो ना! बरं, ताजी बातमी. कॅशे साफ केली, फरक नाही. भावाच्या फोनला जोडून पाहिले. तिथेही होत नाहीत! त्याच्याकडे आयफोन आहे आणि तो तर नुसतं 'पेअरिंग अनसक्सेसफुल' म्हणतो. म्हणजे माझा फोन निर्दोष सुटला का?

टोचणी
सुटला, सन्मानाने. अपडेटचीही माफी मागा.

कानसेन
दुसऱ्या खोलीत, राउटरपासून लांब जाऊन बघितलं का? ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा तिथेच आहे. मायक्रोवेव्हही तिथेच गुरगुरतो. लॅपटॉपच्या यूएसबी ३ च्या खाचेत लावलेली हार्ड डिस्कसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं.

रात्रपाळी
बरोबर, पण गर्दीमुळे आवाज तुटतो, अडखळतो. पेअरिंगच ठाम नाकारलं जात नाही. शिवाय ब्लूटूथ एका जागी बसत नाही. जुन्या, म्हणजे 'क्लासिक' प्रकारात ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून गर्दीच्या वाहिन्या टाळायलाही शिकलंय. समोर टेबलावर फोन असताना वायफायला दोष देणं पटत नाही.

हां, फोन मागच्या खिशात ठेवून आवाज तुटत असेल तर गोष्ट वेगळी. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणी आणि या लहरी पाण्यात मुरतात.

उंटावरचा शहाणा
अवांतर: एवढं सगळं चाललंय तर नावाची गंमतही सांगून टाकतो. हॅराल्ड ब्लाटान हा १०व्या शतकातला डेन्मार्कचा राजा. ब्लाटान म्हणजे निळा दात. एक दात किडून निळा-काळा पडला होता म्हणे. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकत्र आणणाऱ्या तंत्राला १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कार्डाक यांनी हे नाव सुचवलं. ते तात्पुरतं होतं. बारशाला दुसरं नाव ठरेपर्यंत म्हणून ठेवलेलं टोपणनाव कायमचं चिकटलं. ब्लूटूथची खूण म्हणजे त्या राजाच्या आद्याक्षरांची रून नावाच्या जुन्या लिपीतली दोन अक्षरं, एकमेकांवर रचलेली.

वायरवाला
किडक्या दाताच्या नावाचं तंत्रज्ञान. आणि लोक विचारतात दुखतं का.

कानसेन
हा मात्र तुम्हाला दिला.

सोल्डर आणि मी
उशिरा आलो. हा माझा जोडधंदा आहे, दर आठवड्याला असे पाच-सात बड हातात येतात. अर्धविराम, काही प्रश्न:

१. डबीत ठेवल्यावर दोन्ही बडचे दिवे लागतात का, की एकाचाच?
२. डावा-उजवा दोघांची बॅटरी सारखी टिकते का?
३. बडच्या पोटाशी जे सोनेरी ठिपके असतात आणि डबीत ज्या बारीक पिना असतात, त्यांच्यावर काळपट-हिरवट काही आहे का?

तिसरा प्रश्न आधी तपासा. घाम आणि कानातला मळ त्या ठिपक्यांवर बसतो आणि चार्जिंग अडतं. कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. हटलं नाही तर काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओलावा द्या. ओतायचं नाही, टाचणीने खरवडायचं नाही. पिना स्प्रिंगवर असतात, वाकल्या की डबी गेली.

अर्धविराम
पिना चकचकीत आहेत, तरी पुसल्या. दिव्याचं नीट पाहिलं नव्हतं, बघते. बॅटरीचं म्हणाल तर हो, डावा आठ-दहा दिवसांपासून लवकर संपतो. उजवा ८०% असताना डावा २० वर. वयाचा परिणाम असेल म्हणून सोडून दिलं होतं.

भुंगा
डाव्याची बॅटरी गेली. एवढ्याशा जागेत जेमतेम पन्नासेक मिलिॲम्पिअर-अवरचा सेल असतो, किती टिकणार? दीड-दोन वर्षांत मान टाकतात.

सोल्डर आणि मी
म्हातारपण हळूहळू येतं, आठ-दहा दिवसांत नाही. आणि दोघं जुळे आहेत. एकच अचानक म्हातारा का झाला?

बिनतारी
बऱ्याच बडमध्ये एक मुख्य असतो, तोच फोनशी बोलतो आणि दुसऱ्याला पुढे कळवतो. मुख्याची बॅटरी थोडी जास्त जाते. पण ८० आणि २० एवढा फरक नाही पडत.

खिडकीपाशी
मी पाहुणी अजून इथेच आहे, गंमत वाटतेय. अर्धविराम, तुमचे पळताना पडत नाहीत का कानातून? माझा एक नेहमी पडतो. घेताना काय बघायचं?

अर्धविराम
पडायचा, डावाच. माझा डावा कान जरा मोठा आहे बहुतेक. डबीसोबत तीन मापांच्या रबरी टोप्या आल्या होत्या, डाव्याला सगळ्यात मोठी लावली. तेव्हापासून मस्त घट्ट बसतो, बेसही दणदणीत येतो.

सोल्डर आणि मी
कधी लावलीत?

अर्धविराम
झाले असतील आठ-दहा दि

अर्धविराम
थांबा.

आगाऊ कार्टं
अर्धविरामाने पूर्णविरामही दिला नाही. मामला गंभीर आहे.

सोल्डर आणि मी
त्या आता डबीकडे पळाल्या असतील तोवर लिहून ठेवतो. बड डबीत बसल्यावर टोपीला तिथे एक ठरावीक खळगा असतो. टोपी मोठी झाली की ती तळाला टेकते आणि बड केसभर वर उचलला जातो. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. झाकण लावलं की झाकण त्याला खाली दाबतं, पिना टेकतात, थोडंफार चार्जिंग होतं. म्हणून २०%, शून्य नव्हे.

आता रीसेट आठवा. झाकण *उघडं* ठेवून बटण दाबायचं. झाकण उघडलं की टोपी बडला वर ढकलते, पिना सुटतात. डबीच्या लेखी डावा बड तिथे नाहीच. म्हणून लाल दिवा. बहुतेक डब्या दोन्ही बड जागेवर असल्याशिवाय रीसेट करत नाहीत. आणि डावा जर मुख्य असेल तर जुनी किल्ली घेऊन तोच फोनला 'नाही' म्हणत बसलाय.

अर्धविराम, टोपी काढूनच टाका. नुसता बड डबीत ठेवा, अंगठ्याने हलकेच दाबून धरा आणि मग बटण दाबा.

रात्रपाळी
दंडवत. मी किल्लीपाशी येऊन अडकलो होतो, कुलूपच जागेवर नाही हे सुचलं नाही.

टोचणी
पण मग परवा रात्रीपर्यंत चालले कसे? टोपी तर दहा दिवसांपूर्वीची.

सोल्डर आणि मी
चांगला प्रश्न. जुनी किल्ली दोन्हीकडे होती तोवर रीसेटची गरजच नव्हती. डाव्यात जीव होता तोवर काम चालत होतं. माझा अंदाज असा: काल सकाळी तो पार संपलेला असणार, म्हणून बाई बोलली नाही. नंतर रात्रभर झाकण लावून डबी चार्जिंगला होती, तेवढ्यात थोडा जीव आला. पण तोपर्यंत फोनमधून नाव पुसलं गेलं होतं.

वायरवाला
माझ्या वायरलाही रबरी टोप्या आहेत. मोठी लावली तरी वाजते.

अर्धविराम
झालंऽऽऽ!

टोपी काढली, बड दाबला, टक्क असा आवाज आला (चुंबकाचा. हा आवाज कित्येक दिवसांत डावीकडून आलाच नव्हता, आत्ता लक्षात आलं). बटण दहा सेकंद. पांढरा दिवा तीनदा. फोनला पहिल्या फटक्यात जोडले गेले. बाई बोलली!

सोल्डर आणि मी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. टोचणी, फोनची माफी मागितली. भुंगा, तुमचं ऐकून नेटवर्क रीसेट करायला बोट नेलं होतं, खोटं कशाला बोलू.

भुंगा
मी माझ्या मतावर ठाम आहे, फक्त ते इथे लागू नव्हतं.

बिनतारी
ताई, एक करून ठेवा. आता आधी फोनला आणि मगच लॅपटॉपला जोडा. आणि लॅपटॉपला द्यायचे असतील तेव्हा फोनचं ब्लूटूथ बंद करायचं, फर्गेट करायचं नाही. मल्टिपॉइंट असेल तर दोन्हीकडे एकदम राहतील, पण सगळ्यांत ती सोय नसते.

अर्धविराम
नोंद केली. एकच अडचण उरली. मधल्या मापाची टोपी लावली की डबीत बसतो, पण कानातून पडतो. मोठी लावली की कानात बसतो, डबीत नाही. आता?

सोल्डर आणि मी
आखूड देठाच्या टोप्या मिळतात, खास अशा डब्यांसाठी. रुंदीला तेवढ्याच पण उंचीला कमी. किंवा फोमच्या घ्या, डबीत दाबल्या जातात आणि कानात फुगतात. फोम घामाने लवकर खराब होतो, तेवढं धरून चाला. कुठलीही लावलीत तरी झाकण उघडं ठेवून बड वरून बोटाने दाबून बघायचा. दाबल्यावर दिवा बदलला, तर तो आधी टेकलेला नव्हता.

कानसेन
वाचनखूण साठवली. आणि घरातले तिन्ही जोड तपासले. सगळे टेकलेले.

वाचनमात्र
सहा वर्षं इथे नुसता वाचतोय, हा पहिलाच प्रतिसाद. मागच्या महिन्यात उजवा बड गेला म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला होता. आत्ता काढून डबीत ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

लाल दिवा लागलाय.